मोडक्या गाडीचं चाक, फुटका बंब आणि भिंतीवरचं घड्याळ

वाचकहो, आज खत-बियाणं आणि फवारणी बाजूला ठेवू. तुमच्या गोठ्याच्या माळ्यावर, नाहीतर घरामागच्या पडवीत एकदा नजर टाका. तिथं काय काय पडलंय ते बघा. पाभरीचं चाडं, कुळवाचं दिंड, नांगराचं रुमणं, एखादं जू, बैलगाडीचं एक चाक. पडलेल्या वाड्याची सागवानी चौकट. आणि कोपऱ्यात, तळाला भोक पडलेला तांब्याचा बंब. ट्रॅक्टर आला, डनलॉप गाडी आली, आंघोळीच्या पाण्याला सोलर बसला. या वस्तूंचं काम संपलं. मग एखाद्या दुपारी भंगारवाला दारात येतो, तांबं किलोवर नेतो आणि लाकूड जातं चुलीत.

आमच्या घरीही नेमकं हेच ठरलं होतं. वडिलांच्या गाडीचं एक चाक गोठ्याला टेकून वर्षानुवर्षं उभं होतं. धाकट्या भावाला तिथं कडबाकुट्टीचं यंत्र बसवायचं होतं. तो म्हणाला, "दादा, ते चाक काढून टाकू. धाव भंगारात देऊ, लाकडं जळणाला होतील." त्याचं काही चुकलं नव्हतं. जागा त्याला लागत होती. पण त्या चाकाला हात लावला तेव्हा माझ्याच्यानं ते देववेना. मी ते मोटारसायकलला बांधून (घरच्यांनी हसून घेतलं ते वेगळं) माझ्या कामाच्या गावी सुतारमामांकडे घेऊन गेलो. त्याचं पुढं भिंतीवरचं घड्याळ झालं. ते कसं केलं, कुठं चुकलो आणि तुम्हाला करायचं असेल तर काय सांभाळायचं, ते आज सांगतो.

सुतारमामांची पडवी

आमच्या शेतकी खात्याच्या माणसांना प्रत्येक गावात एक बसायची जागा असते. माझी जागा म्हणजे सुतारमामांची पडवी. मामांचं वय सत्तरीपुढं. त्यांच्या वडिलांना बलुतं मिळायचं. सुगीला खळ्यावरून धान्य यायचं आणि वर्षभर गावाची औतं दुरुस्त व्हायची. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर केला, तेव्हापासून सुताराच्या कामाला हळूहळू ओहोटी लागली असं म्हणता येईल. पण पाभर, कुळव, गाडी यावर पुढच्या दोन पिढ्या निभावल्या. खरा फटका ट्रॅक्टरनं दिला. बैलच गेले, तिथं गाडी कशाला आणि जू कशाला?

मी चाक घेऊन गेलो त्या दिवशी मामांनी पडवीत रंधे, पटाश्या, वाकस, गिरमिट सगळं मांडून ठेवलं होतं. मला वाटलं तेलपाणी चाललंय. मामा म्हणाले, "न्हाय सायेब. उद्या भंगारवाला येणार हाय. लोखंड लोखंडाच्या भावानं, लाकडाची दस्तं चुलीत. पोरगं पुण्याला, त्याला ह्याचं काय?" ते इतक्या सहज बोलले की मला काय उत्तर द्यावं कळेना. मी एवढंच म्हटलं, "मामा, उद्याच्या ऐवजी महिन्यानं बोलवा त्याला. त्याआधी मला एक घड्याळ करून द्या."

मामांनी चाकाकडे बघितलं, आरे मोजले. बारा होते. म्हणाले, "बारा आरं, बारा तास. जमतंय."

आधी माझी फजिती ऐका

घड्याळाचं खूळ माझ्या डोक्यात जुनं होतं. चार-पाच वर्षांपूर्वी एका वरिष्ठांच्या निरोप समारंभासाठी मी स्वतःच एक घड्याळ केलं होतं. आंब्याची एक फूट रुंद गोल फळी, तिच्याभोवती पितळेचं कडं, कड्याला सहा स्क्रू, मध्ये यंत्र. श्रावणात केलं. दिसायला झकास होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

फाल्गुनात साहेबांचा फोन आला. "अहो, घड्याळ वेळ बरोबर दाखवतंय. पण बारापासून सहापर्यंत चांगलं बोट जाईल एवढं तडकलंय." बोट जाईल ही त्यांची अतिशयोक्ती, पण तडा मी जाऊन बघितला. मान खाली घालून परत आलो.

ही गोष्ट मामांना सांगितली तेव्हा ते हसले. "सायेब, तुमी श्येतकीतलं. वल्ला दाणा कणगीत घालू नगा म्हणून आमाला सांगता, आन् सोता वल्लं लाकूड कामाला घेता? लाकूड मेलं तरी हलतंया."

या एका वाक्यात सगळं शास्त्र आलं. ते नीट समजून घ्या, कारण लाकूड आणि धातू एकत्र आणायचे तर ह्याच्याशिवाय गती नाही.

लाकूड हलतं म्हणजे काय होतं?

साठवणीच्या धान्यात ओलावा १०-१२ टक्क्यांच्या आत आणा, असं आम्ही नेहमी सांगतो. घरात वापरायच्या लाकडालाही साधारण ८ ते १२ टक्के ओलावा असावा लागतो. पावसाळ्यात लाकूड हवेतलं पाणी घेतं आणि फुगतं. उन्हाळ्यात पाणी सोडतं आणि आकसतं. पण ते सगळ्या बाजूंनी सारखं आकसत नाही. रेषांच्या लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. फरक पडतो तो रुंदीत. एक फूट रुंदीची फळी पावसाळा ते उन्हाळा यात दोन-तीन मिलिमीटर कमी-जास्त सहज होते. ओली असली तर त्याहून जास्त.

धातूचं उलट आहे. त्याला ओलाव्याचं काही नाही, तो उष्णतेनं वाढतो, आणि तेही अगदी थोडं. हवामानात ३० अंशांचा फरक धरला तरी एक फूट लांबीची पितळी पट्टी मिलिमीटरच्या सहाव्या हिश्शाएवढी वाढते. म्हणजे लाकूड तीन मिलिमीटर आकसायला बघतं आणि कडं जागचं हलत नाही. स्क्रूंनी लाकडाला घट्ट धरून ठेवलेलं. मग लाकडानं करायचं काय? ते फाटतं. माझ्या आंब्याच्या फळीचं हेच झालं.

आता तुम्ही म्हणाल, मग बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव इतकी घट्ट कशी बसते? तिथंच तर जुन्या कारागिरांचं डोकं दिसतं. धाव चाकापेक्षा किंचित लहान करायची, गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची, ती वाढली की चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचं. धाव आवळते आणि कडेचे सगळे तुकडे एकमेकांत दाबून बसतात. पण त्या तुकड्यांमध्ये लाकडाच्या रेषा कशा असतात बघा: चाकाच्या गोलाईबरोबर धावणाऱ्या. म्हणजे परिघाच्या दिशेनं लाकूड फारसं आकसत नाही, धाव सैल पडत नाही. शेकडो वर्षांपूर्वीच्या सुताराकडे मोजपट्टीवर मिलिमीटर नव्हता, पण हे ज्ञान होतं.

आमचं घड्याळ याच तत्त्वावर केलं. एका अखंड फळीऐवजी बारा तुकड्यांचं कडं, रेषा गोलाईबरोबर, आणि धातू कुठंही लाकडाला जखडलेला नाही.

साहित्य काय लागलं?

लाकूड दोन रंगांचं घ्यावं म्हणजे उठून दिसतं. आम्ही गाडीच्या चाकाची बाभूळ घेतली, ती तांबूस-तपकिरी, जड आणि चिवट. दुसरी वाड्याच्या चौकटीची सागवान, सोनेरी. प्रत्येकाची दोन-अडीच फूट लांब, ६ सेंटिमीटर रुंद आणि २ सेंटिमीटर जाड पट्टी पुरते. शिसव असेल तर फारच उत्तम. रंधताना शिसवाचा भुसा काही जणांना बाधतो, म्हणून नाकाला रुमाल बांधावा.

जुन्या लाकडाचे दोन फायदे. एक तर ते मुरलेलं, वाळलेलं असतं. दुसरं म्हणजे झाड तोडावं लागत नाही. सागवान, आंबा, फणस, चिंच, जांभूळ ही झाडं स्वतःच्या रानातली असली तरी १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) कायद्याच्या अनुसूचीत येतात आणि परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. एका घड्याळापायी नसती भानगड नको.

ताजंच लाकूड वापरायचं असेल तर सावलीत, खाली गुट्टे देऊन, हवा खेळेल असं रचून ठेवा. एक इंच जाडीला एक वर्ष हा जुना हिशेब. वाळलं का हे बघायला वजनकाटा पुरतो: एक तुकडा दर आठवड्याला वजन करा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड हवेशी बरोबरीला आलं. अगदी टक्केवारीच हवी असेल तर छोटा तुकडा वजन करून ओव्हनमध्ये पुरता वाळवा, परत वजन करा. फरकाला कोरड्या वजनानं भागा आणि शंभरनं गुणा. ११५ ग्रॅमचा तुकडा १०० ग्रॅमवर आला तर ओलावा १५ टक्के, म्हणजे अजून थांबा.

बाभळीचा बाहेरचा पांढरा भाग मात्र घेऊ नका. त्यात पिष्ट जास्त, म्हणून भुंगेरा तिथंच पीठ पाडतो. पूर्वी बाभळीचे ओंडके ओढ्याच्या पाण्यात काही महिने बुडवून ठेवत, ते उगाच नाही.

धातूमध्ये बंबाचा तांब्याचा पत्रा, १ मिलिमीटर जाडीची पितळी पट्टी आणि पितळी स्क्रू. स्क्रू लोखंडी का नकोत? बाभळीत टॅनिन भरपूर असतं, कातडी कमवायला बाभळीची साल वापरतात ती त्यासाठीच. टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात भेटले की लाकडावर काळे डाग पडतात. शिवाय तांब्याला टेकलेलं लोखंड एरवीपेक्षा लवकर गंजतं. तेव्हा दोन पैसे जास्त गेले तरी पितळीच घ्या.

बाकी ९ मिलिमीटरचा प्लाय, फेविकॉल, थोडं एपॉक्सी, पॉलिश पेपर आणि घड्याळाचं यंत्र. माझ्याकडे लाकूड आणि तांबं घरचं होतं. बाकी सगळं धरून खर्च आठशे रुपयांच्या आत बसला, मामांची मजुरी वेगळी.

कृती

पहिलं काम खिळे शोधायचं. जुन्या लाकडात मोडका खिळा लपलेला असतो आणि तो रंध्याच्या पात्याचा घास घेतो. लाकडावरून चुंबक फिरवा. चाकाच्या कडेत आऱ्यांसाठी पाडलेली भोकं असतात, ती टाळून मधले तुकडे घ्या.

मग बारा तुकडे कापायचे. प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोकं १५ अंशांनी तिरकी. बाहेरची बाजू ९.७ सेंटिमीटर, आतली साधारण ६.४. एक बाभळीचा, एक सागाचा असे मांडले की ३६ सेंटिमीटर व्यासाचं कडं होतं. हे ऐकायला सोपं आहे. पण चोवीस काप आहेत. प्रत्येकात अर्ध्या अंशाची चूक झाली तर शेवटी १२ अंशांची फट राहते, म्हणजे जवळजवळ अर्धा तुकडा! मामांनी त्यासाठी लाकडाचाच एक १५ अंशांचा साचा केला आणि सगळे काप त्यातच घेतले. आणि एक युक्ती: बाराच्या बारा एकदम चिकटवू नका. सहा-सहाची दोन अर्धी कडी चिकटवा. वाळल्यावर दोन्हींची टोकं रंध्यानं सरळ रेषेत आणा, मगच जोडा. बारीकसारीक चुका तिथं मरतात.

चिकटवतानाही दोन गोष्टी. सागवानात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे गोंद नीट धरत नाही. चिकटवायच्या जागा थिनरनं पुसा आणि लगेच गोंद लावा. दुसरं, हे सांधे लाकडाच्या टोकाशी टोक असे आहेत. टोक गोंद पिऊन टाकतं. म्हणून आधी एक पातळ हात द्या, दहा मिनिटांनी दुसरा. आवळायला शिकंजा नसेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून कड्याभोवती ताणून गुंडाळा. धाव जे काम करते तेच ती करते. एक दिवस हात लावू नका.

कडं वाळलं की बाहेरून गोल करून घ्या. आतली बाजू बाराकोनी राहिली तरी शोभते. मग पुढच्या बाजूनं बाराही सांध्यांवर करवतीनं ४ मिलिमीटर खोल खाच पाडा आणि त्यात ५ मिलिमीटर रुंदीची पितळी पट्टी एपॉक्सीनं बसवा. वर राहिलेली कड कानशीनं लाकडाच्या पातळीत आणा. या पट्ट्या म्हणजेच तुमचे बारा तास. इथं एक गोष्ट विसरू नका: कडं ६ सेंटिमीटर रुंद असलं तरी पट्टी साडेपाचच घ्या आणि गोंद मधल्या भागातच लावा. कारण याच दिशेनं लाकूड आकसणार आहे. पट्टी पूर्ण लांबीची असेल तर उन्हाळ्यात तिची टोकं बाहेर डोकावतात आणि हाताला लागतात.

आता तांबं. बंबाचा पत्रा आतून पांढऱ्या क्षारांनी भरलेला असतो. चिंचेच्या कोळात भिजवून घासला की निघतो. त्याची साडेतेवीस सेंटिमीटर व्यासाची ताटली कापली. तालुक्याच्या पेठेत एक तांबट अजून बसतात, त्यांच्याकडे ती नेली. त्यांनी ती तापवून लाल केली आणि सरळ पाण्यात बुडवली. मी विचारलं, अशानं कडक नाही होणार? ते म्हणाले, पोलाद कडक होतं, तांबं मऊ होतं. आणि खरंच, पत्रा हातानं वाकेल इतका मऊ झाला. मग त्यांनी मधून बाहेर गोल गोल ठोके घालत तो मठारला. ठोक्यांनी तांबं पुन्हा ताठ होतं आणि प्रत्येक ठोक्यावर उजेड वेगळा चमकतो. पुण्याच्या तांबट आळीतली भांडी ज्यांनी बघितली आहेत त्यांना हे मठारकाम ठाऊक असेल. घरी कुणी प्रयोग करणार असेल तर एक इशारा: पितळ जाळात फार तापवू नका, त्यातल्या जस्ताचा धूर बाधतो.

जोडणी अशी. प्लायची ३३ सेंटिमीटरची गोल तबकडी घ्या. मागून प्रत्येक तुकड्याला बरोबर मध्यावर एक असे बारा स्क्रू. प्लायमधलं भोक स्क्रूपेक्षा थोडं सैल ठेवा. एकाच स्क्रूमुळे तुकडा दोन्ही अंगांना मोकळा हलू शकतो. तांब्याची ताटली कड्याच्या आत, प्लायवर ठेवायची. सगळीकडून अडीच मिलिमीटर तरी फट राहते, तीच तिची श्वास घ्यायची जागा. ताटलीला वेगळे स्क्रू नकोत. मधोमध यंत्राचा नट आवळला की ती धरली जाते. फिरू नये म्हणून दोन बारीक पितळी चुका पुरे.

यंत्र निवडताना

बाजारात मिळणाऱ्या क्वार्ट्झ यंत्राची चौकोनी डबी साधारण साडेपाच सेंटिमीटरची असते. आत गारगोटीच्या जातीचा एक बारीक स्फटिक विजेवर सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. त्यातून दर सेकंदाला एक ठोका मोजून काढला जातो. हे सगळं दीड व्होल्टच्या एका सेलवर वर्षभर चालतं.

यंत्र घेताना पुढच्या नळीच्या आट्यांची लांबी विचारून घ्या. प्लायची जाडी, पत्र्याची जाडी आणि नटासाठी ३ मिलिमीटर एवढी ती हवी. डबी मागं दीड सेंटिमीटरच्या वर बाहेर येते, म्हणून प्लायच्या मागं २ सेंटिमीटरचे तीन गुट्टे लावा, नाहीतर घड्याळ भिंतीला टेकणारच नाही.

काट्यांच्या बाबतीत मी पुन्हा घाई केली. कड्यावरच्या पितळी खुणांपर्यंत पोहोचावा म्हणून १४ सेंटिमीटरचा मिनिटकाटा आणला. पण कडं तांब्यापेक्षा २ सेंटिमीटर उंच आहे! काटा आत मावेचना. तुम्ही मिनिटकाटा साडेदहा आणि तासकाटा साडेसात सेंटिमीटरचा घ्या. हौसेनं जाड पितळेचे काटे करू नका. साध्या यंत्राची ताकद बेताची असते. सेल उतरला की सेकंदकाटा नेमका नऊच्या आसपास अडून थरथरतो, हे तुम्ही घरी बघितलं असेल. तिथं काटा आडवा असतो आणि त्याला वर चढायचं असतं, म्हणून. जड काटा लावला तर नव्या सेलवरही हेच होईल.

शेवटचा हात

पॉलिशसाठी चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तिचे चार-पाच पातळ हात द्या. नाहीतर उकळलेलं जवसाचं तेल फडक्यानं चोळा. बाभळीचा रंग जवसानं असा काही उघडतो की बघत राहावं. लाख काय, जवस काय, दोन्ही शेतीच्याच पदरातल्या वस्तू. पण जवसाच्या तेलाचा बोळा गुंडाळून कोपऱ्यात टाकू नका. तो वाळताना आतल्या आत तापतो आणि आपोआप पेट घेऊ शकतो. उन्हात पसरून वाळवा, मगच टाका. मागची बाजूही पॉलिश करायला विसरू नका. एका अंगानं उघडं राहिलेलं लाकूड वाकतं.

तांब्याला लॅकरचा पातळ हात दिला तर चमक टिकते. नाही दिला तर ते हळूहळू काळपट तपकिरी होतं. मामांना तेच आवडतं.

घड्याळाचं वजन दीड किलोच्या आसपास होतं. नुसता खिळा ठोकून टांगू नका. विटांच्या भिंतीत प्लग घालून स्क्रू बसवा, मातीच्या भिंतीत चांगली खोल लाकडी खुंटी. आणि चुलीच्या वर किंवा थेट उन्हात लावू नका.

धंदा होईल का?

हा प्रश्न येणारच, म्हणून सरळ सांगतो. प्लॅस्टिकचं घड्याळ दोन-तीनशे रुपयांत मिळतं, त्याच्याशी बरोबरी करता येणार नाही. आमच्या एका घड्याळाला मामांचे पुरते दोन दिवस गेले. दोन दिवसांची कुशल माणसाची मजुरी धरा, साहित्य धरा, आणि मग किंमत सांगा. ती ऐकून निम्मे लोक मागं फिरतील, फिरू द्या. घेणारा आहे तो वेळ बघायला घेत नाही. ज्याच्या घरचं चाक आहे, ज्याच्या आईच्या न्हाणीतला बंब आहे, तो घेतो. वाडा पाडणाऱ्या माणसाला त्याच्याच चौकटीचं घड्याळ करून दिलं, तर तो घासाघीस करत नाही. तेव्हा आधी माल करून बाजार शोधू नका. मागणी आली की लाकूड मागा, आगाऊ रक्कम घ्या आणि करा. यावर घर चालेल असं मी म्हणणार नाही. पण रिकाम्या महिन्यात हाताला काम आणि कारागिराला मान, एवढं नक्की.

अजून एक. पीएम विश्वकर्मा ही योजना सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. तिच्यात सुतार, लोहार धरून १८ पारंपरिक कामं आहेत. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजानं पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. तुमच्या गावात कुणी कारागीर असेल तर त्यांना सेवा केंद्रात घेऊन जा, ग्रामपंचायतीत चौकशी करा. म्हातारी माणसं एकटी जात नाहीत. आपण सोबत गेलो तर जातात.

भंगारवाला आला होता

महिन्यानं भंगारवाला ठरल्याप्रमाणे आला. मी त्या दिवशी गावातच होतो. मामांनी त्याला पाणी दिलं आणि म्हणाले, "आता न्हाय. सायेबाचं काम हाय." माझं काम तर झालं होतं, घड्याळ पॉलिश होऊन भिंतीला टेकून उभं होतं. मी काही बोललो नाही.

ते घड्याळ आता आमच्या घरी, वडिलांच्या खाटेसमोरच्या भिंतीवर आहे. वडिलांना हल्ली कमी दिसतं. वेळ ते मोबाइलवरून नातवाला विचारतात. पण घड्याळ लावलं त्या दिवशी त्यांनी ते खाली उतरवायला लावलं, मांडीवर घेतलं, बाभळीच्या तुकड्यांवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "हे डावं चाक का उजवं?" मला ते माहीत नव्हतं. भावाला माहीत होतं. "डावं," तो म्हणाला. "उजवं मागंच जळणात गेलं."

मामांच्या पडवीत त्यानंतर अजून काही घड्याळं झाली. सुट्टीत पुण्याहून आलेला त्यांचा नातू पितळेची पट्टी कानशीनं घासत बसलेला मी बघितला. पुढं तो काय करेल हे सांगता येत नाही, आणि तशी अपेक्षाही कुणी धरू नये. पण रंधे अजून पडवीतच आहेत.

तेव्हा वाचकहो, यंदा माळा साफ करताना घाई करू नका. चुलीत घालण्याआधी लाकडाला एकदा रंधा मारून बघा. आतला रंग दिसला की काय करायचं ते तुमचं तुम्हालाच सुचेल.